पनामा, पेठ आणि आमचा ओंकार

"काकू, आहात का हो? ऐकलंत का, आमचा ओंकार म्हणतो बॉक्सिंगचा क्लास लावा. सातवीतलं पोर! नाक फुटलं म्हणजे?"

"परवा माथेरानच्या गाडीमागे सायकल दामटत होता, तेव्हा नव्हतं का नाक? पण हे खूळ शिरलं कुठून?"

"मोबाइलवरून. पनामाचा कोण तो रॉबेर्तो दुरान, दिवसभर त्याच्याच मारामाऱ्या बघतो. १९८० च्या जूनमध्ये म्हणे त्यानं शुगर रे लेनर्डला हरवलं, आणि नोव्हेंबरात त्याच्याशीच खेळताना मध्येच पाठ फिरवली. मी कुकर लावत होते तेव्हा हे सगळं ऐकवलं मला."

"अगंबाई, मग लोकांनी पार शेण घातलं असेल तोंडात!"

"घातलं ना! पण गडी १९८३ ला परत जिंकला, १९८९ ला आणखी एकदा. चार वजनी गटांत विजेतेपद. पन्नाशीपर्यंत रिंगणात उतरत होता."

"पन्नाशीत? आमच्या ह्यांना स्टेशनचा पूल चढवत नव्हता."

"आणि पनामा सिटीत स्टेडियमला त्याचं नाव आहे. पण काकू, दुसरी बाजू ऐका. अल ब्राऊन म्हणून तिथलाच होता. १९२९ साली विश्वविजेता झाला, अख्ख्या लॅटिन अमेरिकेतला पहिला. आणि १९५१ ला न्यूयॉर्कात क्षयानं गेला, खिशात दमडी नाही. तेच डोक्यात बसलंय माझ्या."

"अगं मंदा, पनामापर्यंत जातेस कशाला? आपले मुरलीकांत पेटकर घे की. चंदू चॅम्पियन पाहिलास ना?"

"पाहिला. पण ते पोहणारे ना?"

"ते नंतर. आधी लष्करातले बॉक्सर. इस्लामपूरजवळच्या पेठचा मुलगा. १९६५ च्या लढाईत गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग गेलं. मग मुंबईला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार म्हणून पाण्यात उतरवलं, ते थेट १९७२ ला हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये. पन्नास मीटर ३७.३३ सेकंदांत! सुवर्णपदक आणि वर जागतिक विक्रम. अभिनव बिंद्राचं सुवर्ण २००८ चं, म्हणजे बघ किती आधी."

"मग सरकारनं डोक्यावर घेतलं असेल."

"कुठलं! पद्मश्री दिली २०१८ ला."

"शेहेचाळीस वर्षांनी?"

"आणि अर्जुन पुरस्कार त्याच्याही नंतर, सिनेमा येऊन गेल्यावर, जानेवारी २०२५ मध्ये. तुझ्या त्या दुरानचं नाव स्टेडियमला, आणि आपल्याकडे शेजारच्या बाईला सिनेमा बघूनही माणूस बॉक्सर होता हे ठाऊक नाही. राग नको मानूस हं."

"नाही हो, खरंच आहे ते. पण मग इतकी वर्षं घर कशावर चाललं त्यांचं?"

"नोकरीवर. पुण्याला टेल्कोत होते. खेळावर कुणाचं पोट भरलंय गं तेव्हा? म्हणून सांगते, पोराला अडवू नकोस. फक्त शाळा सुटता कामा नये. आणि क्लासची फी भरण्याआधी त्याला हेडगार्ड आणि दातांचं गार्ड घेऊन दे, चांगल्यातलं."