गटारीची खतावणी

सांडपाण्याचे सामायिक वित्त-नियोजन सॉफ्टवेअर म्हणजे लेखा, कर, पाणीपुरवठा आणि बांधकाम या विभागांनी पुढच्या वर्षांचा जमाखर्च एकाच पडद्यावर मांडण्याची सोय. ‘सामायिक’ हा शब्द मराठवाड्यात विहिरीमुळे ओळखीचा आहे: पाणी सगळ्या भावांचे, गाळ कोणाचाच नाही.

सुरुवात आकारमानापासून होते. भुयारी गटारी असलेल्या शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी द्यावे आणि त्यातले 80 टक्के सांडपाणी धरावे, असा केंद्राचा निकष आहे. उदाहरणाला जालना घेऊ: 2011च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या 2,85,577 होती. म्हणजे रोजचे सांडपाणी सुमारे 3 कोटी 8 लाख लिटर. नळ कित्येक दिवसांआड येतो आणि मधली गरज बोअर व टँकर भागवतात, हे सूत्राला ठाऊक नसते. पडद्यावरचा जालनेकर रोज भरपूर पाण्याने अंघोळ करतो.

जमेची बाजू सोपी. मलनिस्सारणाचा कर घरपट्टीच्या बिलातच येतो आणि तो घराच्या करयोग्य मूल्यावर ठरतो, मोरीतून काय वाहून गेले यावर नाही. मोठ्या बंगल्यातला एकटा म्हातारा त्यामुळे कागदोपत्री शहराचा बडा सांडपाणी-उत्पादक ठरतो.

खर्चाकडे खरी गंमत आहे. 2004च्या राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिकेने दुहेरी नोंद पद्धत सांगितली, महाराष्ट्राची लेखासंहिता 2013 साली आली. सरकारकडून फुकट मिळालेली जमीन पुस्तकात 1 रुपया किमतीने लिहायची, असा नियम आहे. शुद्धीकरण केंद्राचा भूखंड त्यामुळे कटिंग चहापेक्षा स्वस्त दिसू शकतो. घसारा काढायला मात्र गटार कधी बांधली ते लागते. घाणेवाडी तलाव निजामकाळातला, एवढे जालन्यात कोणीही सांगेल. गटारीचा जन्मदाखला कोणी जपून ठेवत नाही. रकाना रिकामा सोडता येत नसल्याने सोयीची तारीख 1 एप्रिल.

असे सॉफ्टवेअर प्रत्येक गावाने वेगळे बनवायचे कारण नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेची संगणक प्रणाली राज्याने इतर पालिकांसाठी नमुना मानली. त्या इतर पालिकांपैकी जालना 2023 साली महापालिका झाले. पाटीवरचे नाव बदलले तरी कुंडलिका नदीचे पात्र तेच आहे.

वापराची रीत ठरलेली. चार विभागांना चार लॉगिन, चौघांचा पासवर्ड एकाच कंत्राटी ऑपरेटरकडे. मार्चअखेर तक्ता छापला जातो, त्यावर हिरव्या शाईत सही होते आणि तो स्कॅन करून त्याच सॉफ्टवेअरमध्ये चढवला जातो.