जबाबदारीने खेळा, बरं का!

रमीच्या जाहिरातीत नट अर्धा मिनिट ऐटीत पत्ते पिसायचा आणि शेवटच्या दोन सेकंदांत एक अदृश्य गृहस्थ एका दमात सांगून मोकळे व्हायचे: यात आर्थिक जोखीम आहे, याचं व्यसन लागू शकतं, जबाबदारीने खेळा. मंगलाष्टकं इतक्या वेगात उरकली असती, तर वधूपित्यानं भटजींची दक्षिणा कापली असती. जाहिरात मानक परिषदेनं डिसेंबर २०२० पासून ही सूचना सक्तीची केली होती, म्हणून ती बोलली जायची एवढंच. बरं, ज्याला जबाबदारीनं खेळता येतं त्याला ती सांगायला नको. ज्याला सांगायला हवी, त्याचा नेमका तोच अवयव निकामी झालेला असतो.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, जुगार आणि गेमिंग हे दोन्ही व्यसनी वर्तनाचे विकार म्हणून नोंदले आहेत. निकष तीन. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याआधी खेळ येणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. यात तासांचा हिशेब कुठेही नाही. तेव्हा ‘मला ना, मोबाइलचं अगदी ॲडिक्शन आहे’ असं पार्टीत लाडानं सांगणाऱ्या ताईंनी जरा दमानं घ्यावं. खरा रुग्ण असं चारचौघांत सांगत नाही. तो बाथरूमची कडी लावून खेळतो आणि बाहेर आल्यावर पोट बिघडल्याचं सांगतो.

घरात हे फुटतं ते बहुधा पतसंस्थेची नोटीस आल्यावर, किंवा लोन ॲपवाल्यानं मेव्हण्याला फोन करून शिव्या घातल्यावर. मग बैठक बसते. मामा अध्यक्षस्थानी. मुलगा खाली मान घालून आईच्या डोक्यावर हात ठेवतो, देवापुढे शपथ घेतो. मामा दोन गुंठे विकून कर्ज निल करतात आणि वर कानमंत्र देतात, ‘लग्न करून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल.’ म्हणजे जाहिरातवाल्यांचंच वाक्य, फक्त सावकाश म्हटलेलं.

युधिष्ठिराचं काय झालं होतं ते आठवा. सगळं हरल्यावर धृतराष्ट्रानं राज्य परत दिलं, पांडव घरी निघाले, वाटेत पुन्हा खेळायचं बोलावणं आलं आणि धर्मराज निमूट मागे फिरले. महाभारत त्याला अनुद्यूत म्हणतं, व्यसनमुक्ती केंद्रात ‘स्लिप’ म्हणतात. कर्ज फिटलेला जुगारी म्हणजे नव्यानं पत वाढलेला जुगारी, हे धृतराष्ट्राला दिसलं नाही यात नवल नाही. मामांना तर चष्म्याचा नंबरसुद्धा नाही.

‘संस्कार कमी पडले’ म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, काही रुग्णांना प्रामिपेक्सोलसारखी औषधं सुरू केल्यावर जुगाराची अनावर ओढ लागल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे. आयुष्यात कधी सत्तीलावणी न खेळलेली, निवृत्त, सज्जन माणसं. औषध कमी केलं किंवा बदललं की पुष्कळांची ओढ ओसरते. हे औषध मेंदूत डोपामिनचं काम करतं. संस्कार काही गोळीच्या मिलिग्रॅमप्रमाणे वरखाली होत नसतात.

आणि समोरचं यंत्रही भोळं नाही. बी. एफ. स्किनरनं कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की दाणा दर वेळी मिळाला तर पक्षी निवांत असतो, कधी मिळेल याचा नेम नसेल तर टोचत सुटतो. ॲपला हे तोंडपाठ. पैसे भरायला एक पिन, काढायला केवायसी. शिवाय ‘थोडक्यात हुकलं’ची जादू. केंब्रिजच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की जिंकता जिंकता राहिलेला डाव हा हरलेलाच असतो, पण मेंदूत जिंकल्यावर जागे होणारे भाग त्यानंही जागे होतात. एका पत्त्यानं सिक्वेन्स राहिला, की गडी उठत नाही तो याच्यामुळे. त्याच्या तोंडी वाक्य एकच: ‘फक्त गेलेले काढायचेत.’

हेच वाक्य टाय लावलेली माणसंही म्हणतात, तिथं त्याला रिकव्हरी म्हणतात. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या शंभरातल्या ९३ किरकोळ मंडळींनी पैसे घालवले, एकूण १.८ लाख कोटींहून अधिक. ओळीनं तोटा खाऊनही त्यांतले पाऊणशेहून जास्त टक्के पुन्हा हजर. सगळे काही आजारी नसतील. पण रमीवाला जुगारी आणि हा ‘मार्केटमध्ये आहे’, एवढाच फरक असेल तर सोयरिकीच्या वेळी नीट चौकशी करावी.

सरकार? १९६९ पासून राज्याची स्वतःची लॉटरी. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑनलाइन डावाच्या पैशांवर २८ टक्के जीएसटी लावला. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच आणली. त्याच्या महिनाभर आधी आपले तत्कालीन कृषिमंत्री विधान परिषदेत मोबाइलवर रमी उघडलेले दिसले. आपण खेळत नव्हतो, आपोआप आलेलं बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा. पुढे त्यांचं खातं बदलून क्रीडा देण्यात आलं. यावर मी काही लिहिणं म्हणजे आयत्या बिळावर नागोबा.

बंदीनं जाहिराती गेल्या, ओढ गेली नाही. सट्ट्याच्या लिंका टेलिग्रामवर फिरतातच. उपचार आहेत, पण त्यांत नाट्य नाही. खास जुगारासाठी मान्यता मिळालेली गोळी नाही. नालट्रेक्सोन काहींना देऊन बघतात. मुख्य भर बोलण्यावर आणि सवयी उलगडण्यावर. पगाराच्या दिवशी काय होतं, भांडणानंतर हात कुठं जातो, रात्री किती वाजता. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिक आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतं आहे. बाकी कामं गवंड्याची: पगार बायकोच्या खात्यात, यूपीआय बंद, फोन साधा बटनांचा, दर आठवड्याला गटात हजेरी. स्लिप झाली तर तमाशा न करता पुन्हा पहिल्यापासून.

आणि घरच्यांना जवळजवळ हमखास सांगितलं जातं की त्याचं कर्ज तुम्ही फेडू नका, ते त्यालाच हप्त्याहप्त्यानं फेडू द्या. हे मामांना सांगायला हवं होतं. पण त्यांना वेळ नाही, दोन स्थळं पाहून झाली, तिसऱ्याची पत्रिका जुळते आहे आणि मुलगी बँकेत आहे म्हणतात.