दक्षिणेस जाणे

शेअरचे भाव, धंद्याची विक्री किंवा कोणाचा पगार खाली आला, की इंग्रजीत तो ‘साउथला गेला’ असे म्हणतात. नकाशात उत्तर वर आणि दक्षिण खाली छापण्याचा रिवाज, एवढाच या वाक्प्रचाराचा आधार दिसतो. हैदराबादेतील मराठी माणसाने त्यावर हरकत घेणे रास्त आहे, कारण त्याचे पूर्वज नांदेड-परभणीकडून दक्षिणेस आले ते पोटापाण्याला लागण्यासाठीच. शिवाय १६७७ साली शिवाजी महाराज भागानगरात, म्हणजे याच हैदराबादेत, कुतुबशहाशी करार करून आणि खर्चाची तजवीज करून पुढे निघाले, त्या स्वारीस दक्षिण दिग्विजय म्हणतात, मंदी म्हणत नाहीत. दक्षिण ही यमाची दिशा खरी, परंतु यम जीव नेतो, भांडवल नव्हे. आणि दक्षिणा तर गुरुजींच्या लेखी निव्वळ आवकच होय.

प्रस्तुत लेखकाचा या विषयातील अधिकार एवढा, की काचीगुड्यातल्या लग्नाच्या पंगतीतही तो ही व्युत्पत्ती सांगू लागतो आणि ती संपेपर्यंत जिलबीचा वाढपी चार पाने पुढे गेलेला असतो.

घसरणीचा अस्सल नमुना मात्र हाली सिक्क्याचा. हाली म्हणजे चालू. निजामाच्या राज्याचे हे स्वतंत्र चलन असून इंग्रजी रुपयास तेथे कलदार म्हणत. ६ कलदारांस ७ हाली या भावाने १०० कलदारांचे ११६ हाली रुपये, १० आणे आणि ८ पै होत, आणि हा आकडा जुन्या माणसांना पाढ्यासारखा पाठ असे. रुपयावर चारमिनार, त्याच्या कमानीत निजामाच्या नावाचे आद्याक्षर. १९५९ नंतर हे ‘चालू’ नाणे चालेनासे झाले. लेखकाच्या आजीच्या डब्यात असा एक रुपया हळदीने पिवळा पडून राहिला होता, आणि कोणतीही रक्कम ऐकली की ती प्रथम विचारी, “हाली की कलदार?”

लेखकाचा पगार कापला गेला, तेव्हा तसे सरळ मराठीत सांगण्याचा धीर त्याला झाला नाही. पांडित्याचा खरा उपयोग असल्याच वेळी होतो. पगार यंदा साउथला गेला, साउथ म्हणजे दक्षिण, असे त्याने आजीला सविस्तर समजावले. काचीगुड्याहून दक्षिणेस म्हणजे मुसी ओलांडून चारमिनारकडे, हे तिला चांगले ठाऊक होते. “मग येताना लाड बाजारातून बांगड्या आण,” ती म्हणाली, आणि डबा उघडून तो पिवळा रुपया तिने त्याच्या हातावर ठेवला.