पानाला शेवट नसतो

हस्तलिखितं संगणकावर उतरवण्याचे टीईआय नावाचे नियम आहेत. त्यांत पान सुरू झाल्याची खूण मजकुरात घालायची असते, 'पीबी'. पान संपल्याची नाही. परिच्छेदाला मात्र दोन्ही टोकं. कारण परिच्छेद पुढच्या पानावर सांडतो, दोघांची कुंपणं एकमेकांना छेदतात, आणि ज्या एक्सएमएल या खुणांच्या भाषेत हे सगळं लिहायचं, तिला हे अजिबात खपत नाही. सोवळं फार! त्यात आपली पोथी. तिच्यात आकडा पानाच्या प्रत्येक बाजूला नाही, पत्राला, म्हणजे दोन बाजूंच्या अख्ख्या पानाला, तोही बहुधा एकदाच, पाठीमागे. त्यावर सूचिकाराची पेन्सिल, त्यावर स्कॅनरचा क्रमांक, ज्यात बासनाच्या फोटोलाही १. तिन्ही आकडे निमूट नोंदवा. आणि लेखनिकाने १२ दोनदा घातला असेल, तर सुधारू नका. त्यावर कुणाचा तरी शोधनिबंध व्हायचा आहे.