भोगवटादार वर्ग २

सेलूच्या तहसील कचेरीच्या आवारात ज्याने आयुष्यातील एक तरी दुपार घालवली आहे, त्याला सातबाऱ्यावरील 'भोगवटादार वर्ग २' या नोंदीचा दरारा निराळा समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. जमीन तुमची, नांगर तुमचा, कपाशी तुमची आणि बोंडअळीही सर्वस्वी तुमचीच, परंतु परवानगीवाचून विकू नये ही जमिनीला एकदा जडलेली अट मात्र वारसांच्या पाठोपाठ चालत येते. संगणकाच्या सृष्टीत १९८९ पासून प्रचलित असलेला जीपीएल नामक परवाना याच जातकुळीचा होय. आज्ञावली फुकट घ्या, तीत फेरफार करा, वाटल्यास विका. मात्र तुमच्याकडून जो ती घेईल त्याला तिचा सोर्स कोड त्याच अटींवर द्या, एवढाच काय तो बोजा. फुकट देणे निराळे आणि बेवारस टाकणे निराळे, हे आमच्या वर्धा जिल्ह्याला नवीन नाही. 'इंडियन होम रूल' या आपल्या पुस्तकाच्या १९१० च्या आवृत्तीवर कोणतेही हक्क राखीव नाहीत असे छापणाऱ्या गांधीजींनीच, सेवाग्रामी वास्तव्य असताना, १९४० साली आपल्या लेखनाचे हक्क मृत्युपत्राने 'नवजीवन' संस्थेच्या नावे करून ठेवले होते.

आता दुसरा दस्तऐवज पाहा. गेम कन्सोल विकणाऱ्या कंपन्या खेळ रचणाऱ्यास जी साधने देतात, ती गोपनीयतेच्या करारनाम्यावर सही घेतल्यावाचून देत नाहीत. निन्टेन्डोच्या वी यंत्राच्या बाबतीत तर त्या साधनांशी मुक्त आज्ञावलीची सोयरीक करण्यासच मनाई होती. म्हणजे पहिली सनद म्हणते, दाखवल्यावाचून देऊ नका. दुसरी म्हणते, दाखवाल तर खबरदार! अशा प्रसंगी सुज्ञ मनुष्य एकाच कागदावर सही करतो. उद्योगी मनुष्य दोन्ही कागद स्वीकारतो आणि वाचत मात्र एकही नाही.

अटारी कंपनीचे फ्रेडी फिश, पजामा सॅम आणि स्पाय फॉक्स हे बालगोपाळांचे तीन खेळ वी यंत्रासाठी बाजारात आले, तेव्हा नेमके हेच घडले. खेळांची मालकी अटारीचीच होती. परंतु ते चालवणारी आज्ञावली पाहू जाता, ती २००१ पासून स्वयंसेवकांनी फावल्या वेळात उभी केलेली, जीपीएलच्या अटीखालची स्कमव्हीएम निघाली, आणि त्या बिचाऱ्यांचा नामोल्लेख कोठेही नव्हता. वावर आपले, बैलजोडी शेजाऱ्याची, आणि विचारावे तर 'कोण शेजारी?'

प्रकरण जर्मनीतील वकिलांपर्यंत गेले आणि २००९ साली तडजोड झाली. वास्तविक दोषाचे परिमार्जन फार स्वस्त होते: नाव द्यावे, सोर्स कोड द्यावा आणि कवडीही खर्च न करता मोकळे व्हावे. परंतु तसे करणे म्हणजे निन्टेन्डोशी केलेला करार मोडल्याची जाहीर कबुलीच. तेव्हा प्रामाणिकपणाची चैन परवडण्याजोगी नाही असे पाहून, शिल्लक साठा ठराविक मुदतीत विकावा, त्यानंतर उरतील त्या प्रती नष्ट कराव्यात आणि जीपीएलची जनक असलेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला देणगी द्यावी, असे ठरले. मासा कागदात बुडाल्याचे हे आमच्या ऐकिवातील पहिलेच उदाहरण.

आमच्या परिचयाच्या एका निवृत्त तलाठ्यांना ही कैफियत सांगितली, तेव्हा चष्मा पुसत त्यांनी एवढेच विचारले, "मंग भाऊ, सही कराच्या आंधी कोनी वाचलंच नाई काय?" फेरफाराच्या नोंदी करण्यात ज्यांची उभी हयात गेली, त्यांच्या ठायी शिल्लक असलेला हा भाबडेपणा पाहून आम्हांस गहिवरून आले.

वर्ग २ च्या कित्येक जमिनी नजराणा भरून वर्ग १ करून घेण्याची सोय राज्य शासनाने २०१९ च्या नियमांन्वये केली. खेळांच्या दुनियेत हे त्यापूर्वीच घडले होते. एसडीएल ही खेळ रचणाऱ्यांच्या नित्य वापरातील आज्ञावली पूर्वी एलजीपीएल या जीपीएलच्याच सौम्य भावंडाच्या अटीखाली होती. कर्त्यांनी २०१३ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ती झेडलिब या जवळजवळ बिनशर्त परवान्याखाली आणली आणि कन्सोलवाल्यांची वाट मोकळी केली. त्यासाठी त्यांनी नजराणा घेतला नाही.