हल्लेखोर वेळेवर येतो

व्हर्च्युअल फायरवॉलच्या डेमोतला हल्लेखोर मोठा शिस्तीचा. एकाच लॅपटॉपवर तीन व्हर्च्युअल मशीन: डावीकडे तो, उजवीकडे बिचारा सर्व्हर, मध्ये पहारेकरी. ठरल्या मिनिटाला, ठरल्या आयपीवरून, टेलनेटच्या पोर्ट २३वरच येणार. सोबत आयकारची ६८ बाइटची चाचणी फाइल. पकडली जावी म्हणूनच बनवलेली, अगदी निरुपद्रवी. पडदा लाल होतो, साहेब टाळ्या वाजवतात. १ एप्रिल २००३ रोजी स्टीव्हन बेलोविन यांनी आरएफसी ३५१४मध्ये थट्टेने सुचवलं होतं, की दुष्ट पॅकेटांनी हेडरमध्ये दुष्टपणाचा बिट स्वतःच लावून यावं. डेमोत ते इमानेइतबारे पाळलं जातं. खरं ट्रॅफिक सोडून बघू या का, असं कुणी विचारलंच, तर नेमके तेव्हाच समोसे येतात.