गाव कोणतं म्हणालात?

आमच्या पतसंस्थेत प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढणारा मी एकटाच होतो. एवढ्या पुण्याईवर माणूस डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर होतो, यावर माझ्या मेव्हण्याचा अजून विश्वास बसत नाही. तो हिंजवडीत याच कामाचा भरभक्कम पगार घेतो. माझा पगार लिपिकाचा होता, तो लिपिकाचाच राहिला. सिस्टीम बघणारा पोरगा दिवाळीचा बोनस घेऊन पुण्याला पळाला, त्या संध्याकाळी चेअरमन म्हणाले, "आता तुम्हीच बघा ते. नाहीतरी दिवसभर तिथंच बसता."

तिथंच म्हणजे सर्व्हरच्या खोलीत, कारण अख्ख्या संस्थेत एसी तेवढा एकच. एप्रिल-मेमध्ये संचालक मंडळाचं डेटाबेसवरचं प्रेम उतू जातं. चपला बाहेर काढून आत यायचं, घाम पुसायचा आणि सर्व्हरकडे बघत विचारायचं, "काय, बरं आहे ना याचं?" खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार आणि हळदकुंकू. मी कारभार हाती घेतला तेव्हा पंख्याच्या जाळीत तीन वर्षांचं कुंकू साचलं होतं. माझं पहिलं तांत्रिक काम मी जुन्या टूथब्रशने केलं.

दुसरं काम म्हणजे व्हिजिटिंग कार्ड. नारायणगावात शंभर छापून घेतली. त्यातली अठ्ठ्याण्णव अजून आहेत. एक मेव्हण्याला दिलं, एकाच्या पाठीवर बायकोने दुधाचा हिशेब लिहिला.

अभ्यास रात्री, मोबाइलवर व्हिडिओ बघून. मायएसक्यूएलमधली 'माय' ही आपली माय, असं समजून मी बरेच दिवस भक्तिभावाने वागलो. मग कळलं की विडेनियस नावाच्या एका फिनलंडच्या गृहस्थांच्या थोरल्या मुलीचं नाव 'माय'. धाकटी मारिया, म्हणून पुढच्या डेटाबेसचं नाव मारियाडीबी. माणूस चांगला असणार. आमच्याकडे पोरींची नावं फार तर दुधाच्या डेअरीला देतात.

एवढी विद्या आल्यावर पावसाळ्यात मेव्हण्याला घेऊन नाणेघाटात गेलो. आता मूळ मुद्दा बाजूला राहतोय, हे मला कळतंय, पण नाणेघाट निघाला की माझं असंच होतं. तिथल्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, दोन हजार वर्षांहून जुना. अमुक यज्ञ केला, इतक्या गाई दिल्या, इतके घोडे, इतके कार्षापण. सगळं आकड्यांत. मी मेव्हण्याला म्हटलं, "बघ, देणगीचं टेबल. यज्ञाचं नाव, वस्तू, संख्या. तीन कॉलम." तो वडापाव खात होता. मग मी त्याला मागच्या भिंतीकडे वळवलं. तिथे सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर नाव कोरलेलं होतं: सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, कुमार हकुसिरी. नावं आहेत, मूर्ती गेल्या. म्हणजे कॉलमचं शीर्षक शिल्लक आणि खालचा डेटा साफ! बाहेर दगडी रांजण आहे. जकातीचं नाणं त्यात टाकत, असं सांगतात. मी म्हटलं, "आणि हे स्टोरेज." मेव्हण्याने रांजणात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "दाजी, तुमचा बॅकअप कुठं असतो?"

"रोज रात्री होतो," मी रुबाबात म्हणालो. खोटं नव्हतं ते. रोज रात्री फाइल तयार होत होती, तिच्यावर तारीख बरोबर असायची, आणि मी रोज सकाळी ती तारीख वाचून समाधानाने चहा घ्यायचो. डिस्क भरली असल्याने सात महिने त्या फाइलचं वजन शून्य होतं, हे मला पुढच्या मंगळवारी कळलं.

मंगळवारी एक सभासद मंचरहून घोडेगावला राहायला गेले. पत्ता बदलायचा होता. स्क्रीनवरून दोन मिनिटांचं काम, पण कार्ड छापलेला माणूस स्क्रीन कशाला वापरेल? थेट आज्ञा टंकली: गाव घोडेगाव करा. कोणाचं, ते सांगणारं 'व्हेअर' राहिलं. व्हेअर म्हणजे कुठे. गाव बदलायला बसलो आणि 'कुठे' हाच शब्द विसरलो! यंत्र म्हणालं, "क्वेरी ओके," आणि एका क्षणात नऊ हजार सभासद घोडेगावकर झाले. ओतूरचे, आळ्याचे, बेल्ह्याचे, सगळे. त्यात कमिट आपोआप होत होतं, त्यामुळे मागे फिरायची वाट नाही.

चेअरमननी संस्थेतून निवृत्त झालेल्या तात्यांना बोलावलं. तात्या लाल बासनात बांधलेल्या वह्या घेऊन आले आणि अकरा दिवस ते वाचत गेले, मी टंकत गेलो. लाज झाकायला मी त्यांना शिकवू लागलो. ट्रान्झॅक्शन लॉग म्हणजे काय, ते सांगितलं. "म्हणजे फेरफार. गाव नमुना सहा," तात्या म्हणाले. कमिट? "सर्कलची सही." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "भाऊ, सातबाऱ्यावरचं नाव तलाठी पुसत नाही. कंस करतो. कंसातलं वाचता येतं. तुमच्यात कंस नाही का?"

नव्हता.

वहीत शंका आली की सभासदाला बोलावून विचारायचो. सातव्या दिवशी एक आजी आल्या. मी यादी उघडून विचारलं, "गाव?"

"आंबेगाव."

"तो तालुका झाला, आजी. गाव कोणतं?"

"आंबेगावच की, बाबा."

तिसऱ्यांदा मी मोठ्याने विचारलं, त्यांना ऐकू येत नसल्यासारखं. त्या गप्प बसल्या. तात्यांनी वही माझ्याकडे सरकवली. 'आंबेगाव' लिहिलेलं, त्यावर तांबड्या शाईची एकच बारीक रेघ, शेजारी पुनर्वसन वसाहतीचं नाव, तात्यांची सही, तारीख. गाव डिंभे धरणात गेलं. तालुका अजून त्याच्याच नावाने चालतो आणि त्याची कचेरी घोडेगावला आहे. मी मंगळवारी चुकून जे केलं, ते आजींच्या बाबतीत आधीच रीतसर होऊन गेलं होतं, आणि माझ्या यादीत तर पाण्याखालच्या गावाला जागाच नव्हती. त्या दिवशी मी एसीत बसलो होतो तरी मला घाम आला.

मेव्हण्याला फोन केला. तो हसला नाही, याचाच जास्त राग आला. "बॅकअप घेऊन उपयोग नसतो, दाजी," तो म्हणाला, "तो परत चढवून बघायचा असतो." आता दर शनिवारी मी तो दुसऱ्या एका जुन्या संगणकावर चढवून बघतो.

सभासदांच्या टेबलात 'मूळ गाव' असा एक नवा कॉलम आहे. तो मी कोणाला न विचारता घातला, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या पुढच्या अपडेटला उडेलही. म्हणून त्यातल्या नोंदी मी तात्यांच्या वहीत हाताने उतरवून ठेवल्या आहेत. दोन ठिकाणी खाडाखोड झाली आहे. दोन्हीकडे सही केली आहे.